नव्याने बसवलेलं टर्बो रोटरी नीट चालत नाही: पुन्हा उघडण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माझदाच्या एफडी आरएक्स-7 मधलं जुनं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं) गेलं, म्हणून बांधून आलेलं 13बी-आरईडब्ल्यू, म्हणजे तेच दोन रोटरचं टर्बो इंजिन, बसवलं. टर्बो मूळचेच दोन, एक्झॉस्ट मात्र मोकळा केलेला. इंजिन बऱ्याच प्रयत्नांनी चालू झालं, पांढरा धूर निघतोय, आयडलिंग वर-खाली होतंय, 3000 आरपीएमच्या आसपास गाडी अडखळते, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) अर्ध्यावरच थांबतो आणि गरम असताना बंद केली की पुन्हा लवकर चालू होत नाही. साध्या गेजवर दोन्ही रोटरना कॉम्प्रेशन 75 पीएसआय आलं, आणि ते बघून कोणीतरी सांगितलं की इंजिन वाईट बांधलंय, परत उघडा.

उघडू नका, निदान अजून तरी. आणि हे सगळं स्पष्ट होईपर्यंत बूस्टमध्ये अजिबात जाऊ नका. मी हे एवढ्या आग्रहाने सांगतोय कारण पिस्टन इंजिन थोडं चुकीचं ट्यून असलं तरी बराच काळ सहन करतं, रोटरी करत नाही. बूस्टखाली एकदा जोरात डेटोनेशन झालं (मिश्रण अवेळी स्फोटासारखं जळलं) की एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकावरची पट्टी, तुटतो. तुटलेला तुकडा हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) आतल्या क्रोमवर ओरखडे काढत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि जाताना टर्बोच्या टर्बाइनला लागतो. म्हणजे आज एक पाइप सुटलेला असेल तर उद्या रोटर, हाउसिंग आणि टर्बो असं सगळंच बदलावं लागेल. तपास पूर्ण होईपर्यंत गाडी चालवायचीच झाली तर बूस्ट गेज शून्याच्या वर जाऊ देऊ नका.

आता कॉम्प्रेशनचं बघू, कारण सगळा निर्णय त्याच आकड्यावर घेतला जातोय आणि तो आकडा जवळपास निरुपयोगी आहे. रोटरला तीन बाजू असतात, प्रत्येक बाजूचं कॉम्प्रेशन वेगळं. पिस्टनसाठीच्या गेजमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे तिन्हींपैकी जी बाजू सर्वांत चांगली तिचाच आकडा काट्यावर अडकून राहतो. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी गेज छान दिसू शकतो. शिवाय हा आकडा स्टार्टरच्या वेगावर अवलंबून असतो. माझदाचं माप 250 आरपीएमला धरलेलं असतं. बॅटरी थकलेली असेल आणि इंजिन 180 नेच फिरत असेल तर चांगलं इंजिनसुद्धा कमी दाखवणार. बांधून आलेलं ताजं इंजिन तर तसंही कमीच दाखवतं, कारण सील अजून हाउसिंगवर बसलेले नसतात. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये तो आकडा चढत जातो.

रोटरीचा खास टेस्टर मिळाला तर उत्तम, तो तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे देतो आणि वेगही नोंदवतो. नाही मिळाला तर साध्या गेजमधला तो छोटा व्हॉल्व्ह काढून टाका. इंजिन चालू करून गरम करा, मग फ्युएल इंजेक्शनचा फ्यूज आणि कॉइलचं सॉकेट काढा, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद. एका रोटरचा एकच प्लग काढून तिथे गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सेल्फ मारा. काटा आता एका जागी थांबणार नाही, उड्या मारेल. त्या उड्यांकडे लक्ष द्या आणि कानाने हवेचे फुसकारे ऐका. तीन-तीनचा ठेका ऐकू येतो, आणि निरोगी रोटरचे तिन्ही फुसकारे सारखे असतात.

ठेक्यातली विषमताच खरं काय ते सांगते. शेजारशेजारचे दोन फुसकारे कमकुवत आणि एक चांगला असेल तर संशय एपेक्स सीलवर जातो, कारण एक एपेक्स सील दोन बाजूंच्या मधोमध बसतो आणि तो गळला की दोन्ही बाजू बिघडतात. एकच फुसकारा मऊ असेल तर साइड सील (रोटरच्या सपाट कडेवरची पट्टी) किंवा त्याच्या टोकाचा कॉर्नर सील बघायचा, कारण साइड सील त्या-त्या बाजूचाच असतो. तिन्ही कमी पण सारखे, आणि दुसऱ्या रोटरचेही तसेच, तर बहुतेक वेळा इंजिन नवं आहे किंवा पेट्रोलने धुतलं गेलंय, एवढंच. माझदाची खालची मर्यादा मॉडेलनुसार साधारण 6 ते 7 किलो प्रति चौरस सेंटीमीटर असते, आणि एकाच रोटरच्या दोन बाजूंमध्ये दीड किलोहून जास्त फरक नको. नव्या इंजिनात मी आकड्यापेक्षा या फरकाकडे जास्त बघतो. सहाही बाजू एकमेकींच्या जवळ असतील तर ते इंजिन वाचण्यासारखं आहे.

धुराचा रंग दुरून सारखाच दिसतो, पण वास सांगतो. इंजिन बांधताना सील जागेवर धरून ठेवायला व्हॅसलिन किंवा असेंब्ली ग्रीस लावतात, रोटरवर तेल सोडतात. ते सगळं पहिल्या वेळी जळतं आणि दाट पांढरट-निळसर धूर निघतो. एक्झॉस्टमध्ये साठलेलं तेलही जळत राहतं. इंजिन पूर्ण गरम होऊन अर्धा तास चाललं की हा धूर कमी व्हायला हवा. कमी होत नाही, वास गोडसर आहे आणि कुलंटची पातळी रोज थोडी उतरते, तर मग कुलंट सीलचा विचार करावा लागेल. रोटरीला हेड नाही, त्यामुळे हेड गॅस्केटही नाही. तिचं काम हाउसिंग आणि लोखंडी प्लेटच्या मधल्या रबरी रिंगा करतात. बांधताना ती रिंग खाचेतून जराशी बाहेर येऊन चिमटली की पहिल्या दिवसापासून गळते.

याची तपासणी सोपी आहे आणि ती मी कोणत्याही नव्या रोटरीवर न विचारता करतो. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारा, एफडीला तो सुमारे 0.9 किलो असतो, आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी दाब किती उतरला ते बघा. मग चारही प्लग काढा, फ्युएल बंद ठेवून सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून पाण्याचे थेंब उडाले तर शंकाच उरत नाही. दुसरी खूण म्हणजे इंजिन चालू असताना भरायच्या तोंडाशी येणारे बुडबुडे. इथे मात्र घाई करू नका. नव्याने कुलंट भरलेल्या एफडीमध्ये हवा अडकलेली असतेच आणि तीही बुडबुड्यांच्या रूपाने निघते. हवा काढत राहिलं की ते बुडबुडे संपतात. ज्वलनाचा वायू असेल तर ते संपत नाहीत, रेस दिली की वाढतात, आणि थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत रेडिएटरचा पाइप कडक होतो. डॅशबोर्डवरच्या टेंपरेचरच्या काट्यावर विसंबू नका. एफडीचा मूळ काटा बराच वेळ मध्यावर स्थिर राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आकडे दाखवणारा वेगळा गेज लावाच.

निळा धूर, विशेषतः बराच वेळ आयडलिंगवर उभी राहिल्यावर रेस दिली की येणारा, हा टर्बोकडून येऊ शकतो. टर्बोतून तेल खाली पडणारा पाइप मुडपलेला नाही ना, त्याच्या गॅस्केटवर सीलंटचा लोळ आत गेलेला नाही ना, हे हात घालून बघा. तेल वरून दाबाने येतं पण परत जातं ते केवळ स्वतःच्या वजनाने, म्हणून तिथे थोडाही अडथळा चालत नाही.

आता आयडलिंग. माझ्या मते तुमच्या त्रासाचा मोठा भाग इथे आहे.

एफडीच्या इनटेकखाली व्हॅक्यूम पाइपांचं जे जाळं आहे त्याला जगभर उंदराचं घरटं म्हणतात, आणि इंजिन काढताना-बसवताना ते जाळं हलल्याशिवाय राहत नाही. वर्षानुवर्षं उष्णतेत भाजलेले पाइप कडक होऊन टोकाला चिरतात. दिसायला बसलेले, प्रत्यक्षात सुटलेले. एकमार्गी व्हॉल्व्ह उलटे लागतात, काही पाइपांच्या आत बारीक भोकाची छोटी गोळी असते ती हरवते. वरच्या इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरखालच्या रबरी रिंगा, ब्रेक बूस्टरचा पाइप, आणि हाउसिंगला तेल सोडणाऱ्या नोझलना हवा देणारे बारीक पाइप, हे सगळे गळतीचे संशयित. शेवटचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

गळतीचं लक्षण गाडीप्रमाणे बदलतं, हे समजून घेतलंत तर तपास निम्मा होईल. जुन्या एफसीमध्ये (एफडीच्या आधीच्या आरएक्स-7 मध्ये) हवा मोजायला हवेने हलणाऱ्या झडपेचा एअरफ्लो मीटर आहे. त्याच्या पुढे कुठेही गळती झाली की न मोजलेली हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, गाडी धापा टाकते. एफडीमध्ये मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर आहे. गळतीमुळे दाब वाढला की इसीयू (इंजिनाचा संगणक) तेवढं पेट्रोलही वाढवतो, म्हणून गाडी बंद पडत नाही, उलट आयडल उंच जातं. ते ठरावीक मर्यादेच्या वर गेलं आणि थ्रॉटल मात्र बंद आहे असं दिसलं की इसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतात, पेट्रोल परत सुरू होतं, पुन्हा चढतात. तुमचं वर-खाली होणं हेच दिसतंय. थ्रॉटल पोझिशन सेन्सरची जागा सरकली असेल तरी असंच होतं, तेव्हा तोही मॅन्युअलप्रमाणे मल्टीमीटर लावून बसवा. आणि दाबाच्या सेन्सरकडे जाणारा स्वतःचा पाइप चिरलेला नाही याची आधी खात्री करा, कारण तो चुकला तर इसीयूचा सगळा हिशोबच चुकतो.

गळती शोधायला धुराचं यंत्र सर्वांत चांगलं. इनटेक बंद करून आत कमी दाबाने धूर सोडायचा आणि कुठून निघतो ते टॉर्च घेऊन बघायचं. रोटरीत एक्झॉस्ट पोर्ट आणि इनटेक पोर्ट काही स्थितीत एकाच वेळी थोडे उघडे असतात, त्यामुळे सायलेन्सरमधून धूर आला तर घाबरू नका. पुलीवर पाना लावून इंजिन थोडं फिरवा आणि पुन्हा बघा. स्टॉक (कंपनीच्या मूळ) पोर्टचं, सील बसलेलं इंजिन आयडलला साधारण 400 मिलिमीटर पाऱ्याएवढा व्हॅक्यूम देतं. नवं थोडं कमी देईल, पोर्ट मोठे केलेलं आणखी कमी. व्हॅक्यूम गेजचा काटा थरथरत असेल तर एक रोटर मागे पडतोय.

3000 ला अडखळणं हा एफडीचा इतका ओळखीचा आजार आहे की त्यावर मी आधी अर्थिंग बघतो. इंजिन बसवताना इंजिन ते बॉडीची पट्टी लावायची राहते, किंवा रंग लावलेल्या पृष्ठभागावर आवळली जाते. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं थेट इंजिनच्या धातूवर ठेवा, कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. 0.2-0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. इसीयूच्या अर्थिंगचंही तसंच तपासा.

त्यानंतर इग्निशन. प्रत्येक रोटरला दोन प्लग, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग. एफडीत दोन्ही लीडिंग प्लगना एकच कॉइल एकाच वेळी ठिणगी देते, म्हणून त्या दोन वायरी आपसांत बदलल्या तरी काही बिघडत नाही. ट्रेलिंगच्या दोन कॉइल मात्र वेगळ्या. त्या वायरी उलटसुलट झाल्या तर ठिणगी अर्धा फेरा चुकीच्या वेळी पडते. इंजिन लीडिंगवर चालतच राहतं, आयडलला जेमतेम कळतं, पण लोड आला की झटके, बॅकफायर, आणि बूस्टमध्ये तर सरळ विनाश. टायमिंग लाइट लावून दोन मिनिटांत हे पक्कं करता येतं. पुढच्या पुलीवर दोन खुणा आहेत: आयडलला लीडिंग टीडीसीनंतर (मिश्रण सर्वांत जास्त दाबलं जातं त्या बिंदूनंतर) 5 अंशांवर आणि ट्रेलिंग 20 अंशांवर पडतं. लाइटची क्लिप पुढच्या रोटरच्या ट्रेलिंग वायरीवर लावली की दुसरी खूण काट्यासमोर दिसली पाहिजे. दिसतच नसेल तर वायर मागच्या रोटरची आहे. लीडिंगची खूणच भलतीकडे असेल तर पुलीमागची सेन्सरची दातेरी चकती उलटी बसलीय का ते बघा. एफसी असेल तर क्रँक अँगल सेन्सर एक दात चुकून बसलेला असतो. प्लगही मिसळू नका: स्टॉकमध्ये लीडिंगला हीट रेंज (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा क्रमांक) 7 आणि ट्रेलिंगला 9 असतो.

पुढचा मोठा पुली बोल्ट कोणी ढिला केला होता का, हेही विचारा. तो ढिला केल्यावर आतलं थ्रस्ट बेअरिंग जागेवरून सरकू शकतं, आणि तसंच आवळलं की चिरडतं. खूण अशी की क्लच दाबला की आयडल बदलतं किंवा इंजिन बंद पडतं. डायल गेज लावून शाफ्टची पुढे-मागे हालचाल मोजा. ती 0.04 ते 0.07 मिलिमीटर असायला हवी, 0.09 च्या पुढे चालत नाही.

ऑइल प्रेशर गेजवर आयडलला आणि 3000 ला काय येतं ते लिहून ठेवा. नव्या इंजिनात प्रेशर सतत कमी असेल तर पुढच्या कव्हरमागची छोटी रबरी रिंग आठवा. ती तिथून निसटली की तेल परत सम्पमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) जातं. यासाठी इंजिन उघडावं लागत नाही, पुढचं कव्हर काढून काम होतं. सीलना मोजून तेल सोडणारा मीटरिंग पंप तर बघाच. त्याचं सॉकेट सुटलं तर इसीयू सेफ मोडमध्ये जातो आणि गाडी लोडच घेत नाही. पंप काढून टाकलेला असेल तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळायलाच हवं, दर लिटरला साधारण 7 ते 8 मिलिलिटर. त्याशिवाय एपेक्स सील कोरडे चालतात.

गरम असताना चालू न होण्यामागे कमी कॉम्प्रेशन असू शकतं, पण नव्या इंजिनात मी आधी गळका इंजेक्टर धरतो. गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी प्लग काढा. एका रोटरचे दोन्ही ओले असतील तर तिथला इंजेक्टर टपकतोय. इंजेक्टर महिनोन्महिने कोरडे पडून राहिले असतील तर ते होतंच, बाहेर काढून साफ करून तपासून घ्या. फ्लड झालेल्या इंजिनला सेल्फ मारत राहू नका, पेट्रोल हाउसिंगवरचं तेल धुऊन टाकतं आणि कॉम्प्रेशन आणखी पडतं. फ्युएलचा फ्यूज काढा, प्लग काढा, दहा-दहा सेकंद फिरवून पेट्रोल बाहेर फेका, प्रत्येक रोटरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडा, हाताने दोन फेरे द्या, कोरडे प्लग लावून चालू करा. इंजेक्टर काढलेच आहेत तर फ्युएल रेलवरचा पल्सेशन डॅम्पर (पेट्रोलच्या दाबातले धक्के शोषणारा भाग) तपासा. जुना एफडी डॅम्पर गळून इंजिनात आग लागण्याचे प्रकार झालेले आहेत. पेट्रोलचा वास आला तर त्या क्षणी गाडी बंद.

बूस्टला शेवटी हात घाला. मूळ सीक्वेन्शियल (एकामागून एक चालणाऱ्या टर्बोंच्या) रचनेत पहिला टर्बो सुमारे 10 पीएसआय देतो, 4500 च्या आसपास दुसरा जोडला जाताना क्षणभर 8 वर उतरतो आणि परत 10 होतो. तुमचा अर्ध्यावर थांबतोय, म्हणजे एखादा जोड सुटलेला, ॲक्च्युएटर (टर्बोच्या झडपा हलवणारी डबी) अडकलेला किंवा पुन्हा तेच व्हॅक्यूमचं जाळं. प्रत्येक ॲक्च्युएटरला हातपंपाने दाब आणि व्हॅक्यूम देऊन त्याची दांडी हलते आणि टिकून राहते का ते बघा. मात्र गळती दुरुस्त झाल्यावर उलटा धोका उभा राहतो: मोकळ्या एक्झॉस्टमुळे बूस्ट 10 वर थांबत नाही, एकदम वर उसळतो. मूळ इंजेक्टर 550 आणि 850 सीसीचे आहेत आणि मूळ इसीयूचा नकाशा मूळ एक्झॉस्टसाठी लिहिलेला आहे. म्हणून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही. बूस्टमध्ये मिश्रण 11 च्या आसपास (एक भाग पेट्रोलला 11 भाग हवा) गडद राहिलं पाहिजे. 12 च्या पुढे पातळ होताना दिसलं की पाय काढा. रोटरीत नॉक, म्हणजे तेच डेटोनेशन, बऱ्याचदा ऐकूच येत नाही, त्यामुळे कानावर भरवसा ठेवून ट्यून करणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

क्रम एवढा ठेवा: कुलंटचा दाब, ऑइल प्रेशर, सहा बाजूंचं कॉम्प्रेशन, मग गळती, अर्थिंग, टायमिंग, इंजेक्टर आणि सर्वांत शेवटी टर्बो. पहिल्या तीन गोष्टी ठीक असतील तर बाकी सगळं गाडीत राहूनच सुटतं, आणि नंतर पहिले 1500 किलोमीटर बूस्टशिवाय, वेग बदलत चालवून सील बसू द्या. उघडायची वेळ फक्त तीन परिस्थितींत येते: प्लगच्या भोकातून कुलंट उडाला, इंजिन नीट गरम आणि तेल सोडलेलं असूनही एका रोटरच्या बाजूंमध्ये दीड किलोपेक्षा जास्त फरक कायम राहिला, किंवा शाफ्टची हालचाल मर्यादेबाहेर गेली. त्यातही शेवटच्या प्रकारात आधी फक्त पुढची बाजू उघडून थ्रस्ट बेअरिंग बघा. आणि कुलंट उडाला असेल तर प्लेटा वेगळ्या करताना रिंग कुठे चिमटलीय त्याचे फोटो काढून ठेवा, कारण बांधणाऱ्याशी बोलताना तोच पुरावा लागेल.